ओवीला कर्ती असते

जात्यावरची ओवी कुणा एकीची नसते, ती सगळ्यांची असते. म्हणून अल्बममध्ये घेताना गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिले की काम संपले, असे मानणारा मोठा वर्ग आपल्याकडे आहे. त्यात ध्वनिमुद्रण करणारे आहेत, लोकसंगीताचे महोत्सव भरवणारे आहेत, लोकसाहित्याच्या अभ्यासात हयात घालवलेली माणसेही आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांना गाणाऱ्या बाईचे काही हिरावून घ्यायचे नसते. उलट, ओवीला कर्ता नाही असे म्हणताना आपण तिला समाजाच्या सामूहिक प्रतिभेचा मान देतो आहोत, अशीच त्यांची समजूत असते. मला या समजुतीचा प्रतिवाद करायचा आहे, कारण तिचा परिणाम दर वेळी एकच होतो. वेष्टनावर गिटारवाल्याचे नाव येते, संयोजकाचे येते, ध्वनिमुद्रकाचे येते आणि जिच्या गळ्यातून गाणे आले ती ‘पारंपरिक’ या शब्दात विरून जाते. अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खेड्यांतला, विजेच्या गिटारीच्या आधीचा ब्लूज आणि मराठवाड्यातली ओवी एका अल्बममध्ये भेटावीत, ही कल्पना मोलाची आहे. तसे काम व्हायला हवे. पण ते कोणत्या अटींवर व्हावे, हे ठरवायचे तर आधी बीड जिल्ह्यातल्या माजलगावकडे पाहावे लागेल.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी गरीब, कष्टकरी बायकांबरोबर काम करता करता ओव्या गोळा करायला सुरुवात केली. त्या कामातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या, तीन हजारांवर बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने आणि संगीताच्या अभ्यासकाने त्यातला काही भाग ध्वनिमुद्रित केला. हा संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांसाठी खुला आहे. १९९६मध्ये ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात गेली. तिथे राधा बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, पार्वती भादरगे, रंगू पोटभरे आणि त्यांच्या सोबतिणींनी ओव्या गायल्या. या संग्रहाचे मोठेपण आकड्यांत आहेच, पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यात ओवीपुढे गाणारीचे नाव आहे, गाव आहे. इतकी प्रचंड सामग्री हाताळताना नावे गाळणे सोपे होते. ज्यांनी ती ठेवली त्यांना ठाऊक होते की आपण आवाज गोळा करत नसून माणसांचे म्हणणे नोंदवतो आहोत.

आता त्या ओव्यांत काय आहे ते पाहा. भीमराव आणि रमाबाई आहेत, बुद्ध, धम्म आणि संघ आहेत, शिक्षणाची ओढ आहे आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीचा ताठ कणा आहे. ‘परंपरेतून आलेली, काळाच्या पलीकडची’ ओवी ती हीच का? बाबासाहेब आंबेडकरांची नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. तोवर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत दलित बाईने जात्यावर बसून बुद्धाला पहिली ओवी वाहिली असण्याचे फारसे कारण नव्हते. म्हणजे १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या या बुद्ध-धम्माच्या ओव्यांचे वय फार तर चाळीसेक वर्षांचे निघते. ती चाळीस वर्षे त्या गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आयुष्याची वर्षे आहेत. त्यांनी आजीकडून ओवीचा साचा घेतला, देवाची जागा बदलली, मानाचा क्रम बदलला आणि नवे म्हणणे त्यात बसवले. भावाला जो जिव्हाळा ओवीत मिळत असे तो भीमरावांना दिला, गुरूला जो मान मिळत असे तो बाबासाहेबांकडे वळवला. हा निर्णय कुणीतरी घेतला. परंपरा आपोआप दीक्षा घेत नाही. भीमनगरातल्या बायकांनी विचार केला, शब्द निवडले आणि जुन्या साच्याला नव्या कामाला लावले. याला रचना म्हणायचे नसेल, तर मराठी कवितेत रचना म्हणावे असे फार थोडे उरेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ओव्यांतल्या ओळी गावोगाव फिरत असतात. तीच अर्धी ओळ मुळशीत सापडते, तीच माजलगावात, तीच कोल्हापुरात. मग ती एकीची कशी? आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. फिरत्या ओळी मिसिसिपीच्या ब्लूजमध्येही आहेत. आगगाडी, चौरस्ता, सोडून गेलेले माणूस, उगवता सूर्य यांवरच्या तयार ओळी शेकडो गायकांनी वापरल्या. तरीही १९२७च्या महापुरावर चार्ली पॅटनने १९२९मध्ये जे गाणे ध्वनिमुद्रित केले, ते पॅटनचेच आहे यावर कुणाचा वाद नाही. तयार ओळींचा साठा हे भाषेचे सामाईक भांडवल असते, त्यातून कोणी काय बांधले याचे श्रेय बांधणाऱ्याला मिळते. आपल्या संतांनीही एकमेकांच्या उपमा आणि अर्ध्या ओळी घेतल्या, म्हणून तुकोबांचे अभंग ‘पारंपरिक’ झाले नाहीत.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर या वादाचा निकालच लावते. त्या अक्षरशत्रू होत्या, शेतात राबत होत्या, आणि काम करता करता ओवीच्याच छंदात रचत होत्या. १९५१च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. ती कागदावर टिकली याचे कारण घरात सोपानदेवांसारखा कवी मुलगा होता आणि ती छापावीत म्हणून आग्रह धरणारे आचार्य अत्रे होते. क्षणभर कल्पना करा की सोपानदेव कवी नसते. त्याच ओव्या पुढे कुणा अभ्यासकाला खानदेशात मिळाल्या असत्या आणि त्यांच्याखाली ‘खानदेशी पारंपरिक स्त्रीगीते’ असे लिहिले गेले असते. ओवी तीच, बाई तीच, प्रतिभा तीच; फरक एवढाच की एका घरात लिहून घेणारा होता आणि दुसऱ्यात नव्हता. कर्तृत्व ठरवण्याची ही कसोटी असू शकत नाही. ‘कर्ता अज्ञात’ या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा ‘विचारले नाही’ एवढाच असतो. माजलगावात तर विचारलेही गेले आहे आणि नोंदवलेही गेले आहे.

शब्दांपुरतेच हे प्रकरण थांबत नाही, आणि संगीतकारांनी इथे विशेष लक्ष द्यावे. ओवीच्या चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. गाणे वेगळे, गळा वेगळा. एकच ओवी दोघी वेगवेगळ्या गळ्यांवर म्हणू शकतात. ओवीच्या ओळी अक्षरांनी सारख्या नसतात. कुठे ‘गं बाई’, कुठे ‘माझ्या’ असे शब्द घालून गाणारी ती ओळ जात्याच्या फेऱ्यात बसवते. कुठे श्वास घ्यायचा, ओळ कुठे तोडायची, अर्धी ओळ पुन्हा कधी म्हणायची, हे सारे ती ठरवते. सोबतीण मागून झेलते. हा फेरा घड्याळाच्या ठोक्यांवर चालत नाही, दाण्याचा घास, हाताचा जोर आणि दम यांवर चालतो. मिसिसिपीच्या एकट्या गिटारवाल्याचेही असेच असते. ओळ म्हणायची, पुन्हा म्हणायची आणि मग तिला उत्तर द्यायचे, हा ब्लूजचा ढाचा. पण फ्रेड मॅकडॉवेल किंवा जॉन ली हूकर यांच्यासारखे गायक तो मोजून बारा मात्राखंडांत बसवत नसत. श्वास लांबला की खंड लांबायचा, आणि साथीला बसलेल्यांची तारांबळ उडायची. म्हणून या दोन संगीतांना एकत्र आणणाऱ्या अल्बमची खरी कसोटी गिटार किती गोड वाजली यात नाही. गिटार ओवीच्या फेऱ्यात शिरली, की ओवीला कापून संगणकाच्या ठोक्यावर चिकटवले, हे पाहावे लागते. दुसरा मार्ग सोपा आहे आणि म्हणूनच तो सर्रास घेतला जातो. गाणारीची लय ही तिची रचना आहे हे एकदा मान्य केले, की तिच्या आवाजाचा तुकडा उचलून कुठेही डकवता येत नाही. ती लय कुणाचीच नाही असे मानले, की मग काहीही करायला मोकळीक मिळते. श्रेयाचा प्रश्न संगीताच्या इतक्या आत जाऊन पोचतो.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी उभा राहिला, आणि त्याची दोन्ही टोके तिथे दिसतात. १९४१–४२मध्ये फिस्क विद्यापीठ आणि वॉशिंग्टनचे काँग्रेस ग्रंथालय यांनी मिळून मिसिसिपीच्या कोहोमा परगण्यात संगीताची पाहणी केली. पुढे ब्लूजचा नामांकित गायक झालेला मडी वॉटर्स हा ट्रॅक्टर चालवणारा शेतमजूर तिथल्या स्टोव्हॉल मळ्यावर याच पाहणीत पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला. त्या कामाचे श्रेय पुढे दशकानुदशके काँग्रेस ग्रंथालयाच्या ॲलन लोमॅक्स यांना मिळत राहिले. पाहणीत बरोबरीने असलेले फिस्कचे कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क, लुइस जोन्स आणि सॅम्युअल ॲडम्स यांची हस्तलिखिते कपाटांत पडून राहिली आणि २००५ साली पुस्तकात आली. लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाचे ‘गुडनाइट, आयरीन’ त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९५०मध्ये, दुसऱ्या गायकांच्या आवाजात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि कर्त्यांच्या रकान्यात त्याच्या नावाबरोबर गाणी गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्स यांचेही नाव होते. गाणे गोळा करणाराही कर्ता ठरतो, हे पक्षपाताचे गणित तिथेही होते.

दुसऱ्या टोकाला जेम्स कार्टर आहे. १९५९मध्ये मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात कैद्यांची एक टोळी लाकडे फोडत गात होती, कुऱ्हाडीचा घाव हाच ताल. ॲलन लोमॅक्स यांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि पुढे गाणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात २००० साली ते गाणे वापरले गेले. त्या चित्रपटाच्या संगीताचा अल्बम प्रचंड खपला आणि २००२मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. मधल्या काळात लोमॅक्स यांच्या संग्रहाच्या लोकांनी कार्टरचा शोध घेतला. तो शिकागोत सापडला, सत्तरी ओलांडलेला, गाणे विसरून गेलेला. त्याच्या हातात वीस हजार डॉलरचा धनादेश पडला. ते गाणे त्याने रचलेले नव्हते, तुरुंगात आणि रेल्वेच्या कामावर कितीतरी जण ते गात आले होते. तरीही त्या दिवशी त्या घावांवर ते त्याने गायले होते, म्हणून पैसा त्याचा. लिहून ठेवलेल्या एका नावाने चाळीस वर्षांनी हे घडवले. माजलगावच्या ओव्यांजवळ ते नाव आजच आहे. शिकागोपर्यंत जायची गरज नाही.

सहयोग म्हणजे काय, हेही सांगायला फार लांब जावे लागत नाही. १९९३मध्ये अमेरिकेचा गिटारवादक राय कूडर आणि जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ हा अल्बम आला. दोघेही स्लाइड गिटार वाजवणारे, एक ब्लूजच्या वाटेने आलेला, दुसरा रागसंगीतातून. बसले आणि वाजवत गेले. वेष्टनावर दोघांची नावे. पुढच्याच वर्षी त्याच कूडरने मालीतल्या नियाफुंके गावच्या अली फार्का तूरे या शेतकरी गायकाबरोबर ‘टॉकिंग टिंबक्टू’ केला. पुन्हा दोघांची नावे, आणि तूरेचे आधी. तूरेने जे गायले त्यातही पिढ्यांपिढ्यांचे बरेच काही होते. तिथे ‘कूडर आणि मालीचे पारंपरिक संगीत’ असे कुणी लिहिले नाही. भट्ट किंवा तूरे यांना जे मिळाले ते भीमनगरच्या गायिकेला न मिळण्याचे कारण संगीतात नाही. ती बाई आहे, दलित आहे, खेड्यातली आहे आणि तिच्या हातात वाद्य नाही. एवढ्यानेच आपण तिला संगीतकार म्हणायला कचरतो.

काही जण म्हणतात, कर्तृत्व, हक्क, मानधन हे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे, आपली परंपरा निनावी होती. मराठीच्या इतिहासाला हे विधान मान्य नाही. माजलगावाहून फार दूर नसलेल्या गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणाच्या संसारातच अभंग रचले आणि अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव गोवले. तिच्या आगेमागे बहुतेक संतांनी तेच केले. शाहिरांनी आपल्या कवनांत नाव गोवले. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांत अखेरच्या कडव्यात बहुधा ‘वामन’ येतो, आणि भीमनगरच्या ओव्या ज्या आंबेडकरी गाण्याच्या प्रवाहात आहेत त्या प्रवाहाला हे पक्के ठाऊक आहे. बीड जिल्हा तर मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या नावाचा अभिमान मिरवतो, अंबाजोगाईत त्यांच्या समाध्या जपतो. नाव जपणे ही आपलीच रीत आहे. ती रीत बायकांच्या ओवीच्या दारात येऊन का थांबावी, याचे उत्तर निनावीपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी द्यायला हवे.

‘त्या बायकांनाच नावाची हौस नाही, त्या म्हणतात आईकडून आली,’ हा युक्तिवादही ऐकू येतो. श्रेय मागणाऱ्यालाच द्यायचे, हा नियम आपण दुसऱ्या कोणत्या कलावंताला लावतो? शिवाय बीड जिल्ह्यात तरी बाईच्या न मागण्याचा असा अर्थ कुणी काढू नये. इथून दर हंगामात लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बरोबरीने तोडते, मोळी डोक्यावर वाहते, पण उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते आणि खात्यावर तिचे नाव नसते. तिने मागितले नाही म्हणून तिची मजुरी ‘सामूहिक’ ठरत नाही, ती दडपली जाते. ओवीच्या बाबतीत तोच हिशेब संस्कृतीच्या नावाने चालवू नये.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. गायलेली प्रत्येक ओवी गाणारीनेच रचली, असे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही तिच्या, काही सासूच्या, काही शेजारणीच्या असणार. एकीचेच नाव लावले तर दुसरीवर अन्याय होईल. म्हणून ‘गीत’ या रकान्यात एकच नाव ठोकून द्यावे, असे माझे म्हणणे नाहीच. गाणाऱ्या सर्वजणींची नावे, वस्ती, गाव आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष लिहावे. आपला कायदाही इतपत तरी सोबत आहे. भारतात लोकसाहित्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही, पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपासून सादर करणाऱ्याचा हक्क आहे. तो गाणे कुणी रचले यावर अवलंबून नाही आणि सादरीकरणानंतर पन्नास वर्षे चालतो. १९९६च्या गायनाला ही मुदत लावली तर ती २०४६ अखेर संपते. २०१२च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याला आपली ओळख नोंदवली जाण्याचा नैतिक हक्कही दिला. म्हणजे रचनाकाराचा शोध लागला नाही तरी गायिका उरतेच, आणि ‘पारंपरिक’ लिहून तिला वगळण्याची सबब उरत नाही.

शेवटची भीती अशी व्यक्त होते की नावे, करार, पैसे यांच्या कुंपणात अडकली तर ओवी वाहायची थांबेल. ओवी थांबली ती कुंपणामुळे नाही, गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि दगडी जाती कोपऱ्यात गेली म्हणून. बायकांच्या मनगटांची त्या कष्टातून सुटका झाली, ते चांगलेच झाले. लग्नात, बारशाला, जयंतीला कुणीही कुणाची ओवी म्हणावी, त्यावर कुणाचा हक्क बजावण्याचा प्रश्नच येत नाही. मी बोलतो आहे ते विक्रीला काढलेल्या, मंचावर तिकीट लावून वाजवलेल्या, जाहिरातीत आणि चित्रपटात जाणाऱ्या ध्वनिमुद्रणाबद्दल. तिथे बाकी सगळे आपापला वाटा मोजून घेतात. ओवी आणि गिटारचा अल्बम करू पाहणाऱ्या संगीतकारांना माझी एवढीच विनंती आहे: आधी भीमनगरात जा, गायिका हयात असेल तर तिच्याशी आणि नसेल तर तिच्या घरच्यांशी बोला, मानधन आणि उत्पन्नातला वाटा मराठीत लिहिलेल्या करारात पक्का करा, कुठल्या लयीत वाजवायचे हे तिच्याकडून ठरवून घ्या आणि वेष्टनावर पहिले नाव तिचे छापा.